पाठमोऱ्या मुलांची शाळा

श्री. कमलाकांत दामोदर चुरी, वय बावन्न वर्षे पूर्ण, प्रभारी मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा वेसखाडी, हे मागील अकरा वर्षांपासून तंत्रस्नेही सुलभक म्हणून कार्यरत आहेत. सदर शिक्षकाने आजअखेर ‘शाळांमध्ये इंटरनेटचा जबाबदार व परिणामकारक वापर’ या विषयावर एकतीस प्रशिक्षणवर्ग घेतले असून त्याचा लाभ एक हजार एकशे चाळीस शिक्षकांनी घेतला आहे. प्रशिक्षणानंतर शिक्षकांच्या वर्तनात अपेक्षित बदल शंभर टक्के दिसून आला. सदर शिक्षक निर्व्यसनी असून त्यांच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही. सबब, सदर शिक्षक आदर्श पुरस्कारास पात्र आहेत.

हे वर्णन चुरी सरांनी स्वतःच लिहिलं होतं. आदर्श ठरायचं तर अर्ज करावा लागतो, आणि अर्जात आपल्याविषयी असं लिहायचं असतं की जणू आपण खिडकीबाहेरून जाणारा कुणी तरी तिसराच इसम आहोत. खाली वरिष्ठांनी ‘प्रमाणित करण्यात येते’ असं म्हणून सही ठोकायची. ‘शंभर टक्के’ मात्र सरांचं नव्हे. त्यांनी ‘काही प्रमाणात’ असं लिहिलं होतं. केंद्रप्रमुख नामदेव घरत यांनी ते खोडलं. “काही प्रमाणात म्हणजे काय चुरी? मीठ आहे का ते?” असं विचारून त्यांनी सही केली.

वेसखाडी म्हणजे नवापूरच्या अलीकडची, खाडीच्या तोंडाशी वसलेली ऐंशी-नव्वद उंबऱ्यांची वस्ती. घरटी एक होडी किंवा होडीतला वाटा, दारात बांबूंवर टांगलेले बोंबील, आणि टोकाला दोन खोल्यांची शाळा. पट एकेचाळीस, शिक्षक दोन. चुरी सर तारापूरकडच्या वाडीवाल्यांतले. घरी चिकू, नारळ आणि थोरला भाऊ. तिघांपैकी एकाचीही सेवा न करता नोकरीला लागलेला माणूस, अशी घरात त्यांची ओळख होती. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा खोलीत वीज नव्हती. ती यायला तीन वर्षं लागली. तेवढ्यात सरांनी खोक्यातलं माहितीपुस्तक इतक्या वेळा वाचलं की यंत्र सुरू झालं त्या दिवशी त्यांना नवीन असं काहीच वाटलं नाही. तालुक्यात ही बातमी पसरली, आणि जो माहितीपुस्तक वाचतो तो तज्ज्ञ, या न्यायाने ते तज्ज्ञ झाले.

पण इंटरनेट म्हणजे काय हे त्यांना पुस्तकाने नव्हे, सुका तांडेल नावाच्या म्हाताऱ्या खलाशाने शिकवलं. सरांनी एकदा मुलांना भरती-ओहोटीच्या वेळा इंटरनेटवर शोधायला लावल्या. मुलांनी त्या फळ्यावर लिहिल्या. सुका नातवाला न्यायला आला होता. त्याने फळा वाचून घेतला आणि खाडीकडे बघून म्हणाला, “ह्या वेळेला तर हितं पानी घोट्यावर नसते, गुरुजी. ह्या तुमचा इंटरनेट मुंबयचा हाय. आमच्या खाडीला इचारून नाय आला.”

खरंच ते वेळापत्रक मुंबई बंदराचं होतं. मग पंधरा दिवस मुलं काठीला खुणा करून खाडीत रोवून बसली, आणि तिथीवरून बोटांवर भरती मोजायचा सुकाचा हिशेब, इंटरनेटचा आकडा आणि काठीवरची खूण असे तीन रकाने वहीत भरले. चुरी सरांच्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला पंधरवडा. त्यातूनच त्यांनी आपले तीन प्रश्न काढले, आणि पुढे प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिले. कोणी लिहिलंय? कुठलं आहे? आणि आपण काही टाकणार असू, तर ते कोण कोण बघणार आहे?

शिक्षक हे प्रश्न वहीत उतरवून घेत. उतरवून झाले की फळ्याचा फोटो काढत, आणि तो ग्रुपवर टाकत.

एक हजार एकशे चाळीस शिक्षकांना काय हवं होतं, हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांना हजेरी भरायचं अॅप चालायला हवं होतं, पोषण आहाराची नोंद साडेबाराच्या आत चढायला हवी होती, आणि ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र निघायला हवं होतं. यातलं प्रत्येक काम चुरी सरांना येत होतं. त्यामुळे ते दुसऱ्या कुणी शिकण्याचं कारण उरलं नाही. “सर, तुमच्याच हाताला यश आहे,” असं म्हणत शिक्षक आपला पासवर्ड कागदाच्या कपट्यावर लिहून देत. केंद्रातल्या सेहेचाळीस शिक्षकांचे पासवर्ड सरांच्या डायरीत होते. ‘आपला पासवर्ड कोणालाही देऊ नये’ हा अर्ध्या तासाचा पाठ त्यांनी एका सुट्टीत चौदा शिक्षकांच्या वतीने चौदा वेळा पूर्ण केला. प्रत्येकाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. सरांनी एकाला मुद्दाम एक उत्तर चुकवून दिलं, तेव्हा तो तीन दिवस बोलला नाही.

एका गोष्टीत मात्र सर अडून बसत. मुलाचा चेहरा आणि शाळेचं नाव एकत्र बाहेर जाऊ द्यायचं नाही. शाळेला दिवसाकाठी चार-पाच फोटो वर पाठवावे लागतात. खिचडी शिजली याचा फोटो, हात धुतले याचा, झाड लावलं याचा, झाड जगलं याचा. तेही साधे चालत नाहीत. जीपीएस कॅमेऱ्याने काढायचे, म्हणजे फोटोखाली पट्टी उमटते. त्यात नकाशाचा तुकडा, गाव, तालुका, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. शिक्षक घरी बसून खिचडी शिजवत नाही, याची सरकारला खात्री पटावी म्हणून ही सोय. चुरी सर मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं करत आणि मागून फोटो काढत. एकेचाळीस मुलांच्या पाठी, वेण्या आणि मानेवरचे गंडेदोरे, खाली अक्षांश-रेखांश.

केंद्रात याची थट्टा होई. “चुरी, तुमच्या पोरांना तोंडं देवाने दिलीच नाहीत का?” घरत साहेब परिषदेत सगळ्यांसमोर विचारत. “पाठमोऱ्या मुलांची शाळा. पटनोंदणीत तसा वेगळा रकाना करू या.”

“करा साहेब,” सर म्हणत. “रकाना करण्यात आपला हात कोण धरणार?”

गेल्याच्या आदल्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, तेव्हा जमना आली. सुकी मासळी निवडायच्या कामाला ती गावात नवीनच आली होती, लांबच्या नात्यातल्या आनंदी मावशीकडे राहत होती. सोबत नऊ वर्षांची मुलगी, मेघाली. कागद एकच होता, आणि त्यावर बापाचं नाव होतं. धर्मेश. गाव उंबरगावच्या पलीकडचं.

मुलीला रूपल मॅडमकडे वर्गात पाठवून जमना दारातच उभी राहिली. रूपल संखे ही शाळेतली दुसरी शिक्षिका, बोईसरहून येणारी, सत्तावीस वर्षांची, हाताची चलाख.

“गुरुजी, येक सांगायचा हाय,” जमना म्हणाली. “आमी हितं हाव ता कोनाला समजाया नको. तिच्या बापाला त नायच नाय. माज्या मायेरी डहानूला दोनदा येऊन गेला तो.”

तिचा डावा हात मनगटातून नीट वळत नव्हता. सरांची नजर तिकडे गेली तशी तिने तो पदराखाली घेतला. “ह्या काय नाय. हातासाठी मी घर नाय सोडला. होडी बंदराला लागली व्हती. त्यानं पोरीला काठाच्या भायेर धरला पान्यावर, मी तोंड बंद करीपावत. हसत व्हता.”

सरांनी प्रवेशाचं रजिस्टर पुढे ओढलं. मग म्हणाले, “नाव तर चढवावं लागेल, जमनाबाई. कॉम्प्युटरवर. त्याशिवाय तिला पुस्तकं नाहीत, खिचडी नाही.”

“ता कोन कोन बगते?”

एकतीस वर्गांत हा प्रश्न स्वतःहून कुणी विचारला नव्हता. सरांना त्या बाईचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्यावर माणूस शिकवायला लागतो. त्यांनी तिला पोर्टल म्हणजे काय, ते फक्त कार्यालयाला दिसतं, बाहेरच्याला दिसत नाही, हे खडूने फरशीवर चौकोन काढून समजावलं. ती चौकोनाकडे बघत राहिली.

“मंजे तुमच्या हातात हाय.”

“माझ्या हातात आहे,” सर म्हणाले. “इथून बाहेर काही जाणार नाही.”

मेघाली चौथीत बसली. वाचन खणखणीत. गुजराती शाळेत दोन वर्षं काढून आलेली, तरी जोडाक्षरावर अडत नसे. भरतीच्या काठीची वही सर अजून चालवत होते. ती तिने आपल्याकडे घेतली आणि आधीच्या मुलांच्या दोन चुका लाल पेनाने सुधारल्या. दिवाळीपर्यंत ती मधल्या सुट्टीत मोठ्याने हसायला लागली, हे रूपल मॅडमने सरांच्या लक्षात आणून दिलं.

फेब्रुवारीत परिपत्रक आलं. ‘सुरक्षित इंटरनेट सप्ताह.’ प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांकडून प्रतिज्ञा म्हणवून घ्यावी. पुरावा म्हणून जीपीएस पट्टीसह छायाचित्र सादर करावं. छायाचित्रात किमान पाच विद्यार्थी असावेत, चेहरे स्पष्ट दिसावेत, शाळेच्या नावाचा फलक दिसावा. शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत. विषय सरांच्या अगदी घरचा. प्रतिज्ञेचा मसुदासुद्धा त्यांच्याकडूनच मागवला होता. ‘मी माझे नाव, पत्ता, छायाचित्र अनोळखी व्यक्तीच्या हाती पडू देणार नाही’ हे तिसरं वाक्य त्यांचं होतं.

शुक्रवारी सकाळी प्रतिज्ञा झाली. मासळीचा हंगाम, निम्मी मुलं बोंबील टांगायला घरी राहिलेली. प्रतिज्ञा सांगायला पुढे मेघाली उभी राहिली, कारण बाकीची ‘अनोळखी व्यक्तीच्या’ इथे अडखळत होती. सरांनी नेहमीप्रमाणे मागून फोटो घेतला आणि पाठवून दिला. रूपल मॅडमने आपल्या फोनवरच्या जीपीएस कॅमेऱ्याने समोरूनही एक काढला होता. हात पुढे केलेली पाच मुलं, मागे फलक, मध्ये मेघाली, तोंड उघडं, डोळे सरळ कॅमेऱ्यात. “हा बाहेरचा नाही हं सर, आपल्या कपाटावर लावायला,” असं म्हणून तिने तो सरांच्या फोनवर टाकला होता.

तीन वाजता घरत साहेबांचा फोन आला. मुलं घरी गेली होती, निम्मीच आली म्हणून शाळा लवकर सोडली होती.

“चुरी, तुमचा फोटो परत आलाय.”

“नियमानेच काढलाय, साहेब.”

“परिपत्रकात चेहरे स्पष्ट लिहिलंय. तुमचे कुठे आहेत?”

“साहेब, प्रतिज्ञाच ती आहे. फोटो अनोळखी माणसाच्या हाती—”

“प्रतिज्ञा मुलांनी घेतलीय, तुम्ही नाही. हे बघा, केंद्रातल्या सतरा शाळा हिरव्या झाल्या. एक लाल. लाल शाळा कोणाची, तर तालुक्याच्या सुलभकाची. तुमची पुरस्काराची फाइल माझ्या टेबलावर आहे. ती घेऊन मी वर जाऊ की लाल शाळा घेऊन जाऊ?”

सरांनी कपाटासाठी काढलेला फोटो उघडला. मेघालीला कापून बघितलं, तर चारच मुलं उरत होती. मग तिच्या चेहऱ्यावर बोटाने धुरकट डाग फासला आणि पाठवला. चार वाजता पुन्हा फोन.

“एकाच पोरीचं तोंड का पुसलंय?”

“पालकांची हरकत आहे.”

“लेखी आहे?”

“तोंडी.”

“तोंडी हरकतीला रकाना नाही. आणि वरून विचारतील, एकीचंच तोंड पुसलंय म्हणजे काय भानगड आहे? पोरीचं काय झालंय का? उगाच चौकशी लागायची. तिच्या भल्यासाठी सांगतोय.”

ही गोष्ट सरांनी नंतर मनात पुष्कळदा फिरवली. पुरस्काराचा लोभ होता का? होता. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या नावाने परीक्षा दिलेल्या माणसाला एकदा आपल्या नावाचा कागद हवासा वाटतो. पण तेवढंच असतं तर त्यांनी स्वतःला शिवी देऊन विषय संपवला असता. खरं असं की ते थकले होते. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि त्यांना वाटलं की उंबरगावच्या पलीकडच्या होडीवरचा माणूस आपल्या केंद्रप्रमुखाचा फोन कशाला बघायला येतोय. कोण कोण बघणार आहे, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी ‘घरत साहेब’ असं दिलं. एक हजार एकशे चाळीसांपैकी एखाद्याने असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी त्याला उभं केलं असतं.

त्यांनी मूळ फोटो घरत साहेबांना एकट्यांना पाठवला. खाली लिहिलं: ‘फक्त कार्यालयीन कामासाठी. कृपया पुढे पाठवू नये.’

सहा वाजता शाळा हिरवी झाली. सात वाजता फोटो कार्यालयाच्या फेसबुक पानावर लागला. मुलीचा आवेश वरिष्ठांना फार आवडला होता. साडेसातला तो केंद्राच्या ग्रुपवर आला, मग शिक्षक संघटनेच्या, मग दुसऱ्या तालुक्यांच्या. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी सोबतचा मजकूरही इमानाने पुढे पाठवला. चाळीसेक ग्रुपवर मेघाली हात पुढे करून उभी होती, खाली वेसखाडीचे अक्षांश-रेखांश, आणि त्याखाली: ‘फक्त कार्यालयीन कामासाठी. कृपया पुढे पाठवू नये.’ त्याखाली अंगठे, हात जोडलेले, पुष्पगुच्छ. सर, अभिनंदन. सर, प्रेरणादायी.

सरांनी घरत साहेबांना फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला तेव्हा साहेब खुशीत होते. “अहो, काढायचा कशाला? चारशे लाइक आहेत. आपल्या केंद्राला चारशे कधी मिळाले होते? काढला तर विचारतील, का काढला.”

जमनाला सांगावं, असं सरांना रोज वाटत होतं. रोज ते मधल्या सुट्टीत तिच्या वाटेकडे बघत, आणि ती दिसली नाही की त्यांना बरं वाटे. दहा दिवस गेले.

अकराव्या दिवशी, मंगळवारी, अकराच्या सुमारास एक माणूस फाटक नीट लावून घेऊन आत आला. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, पायातल्या चपला ओट्याखाली काढल्या. त्याने सरांना वाकून नमस्कार केला.

“चुरी गुरुजी तुमीच ना? मी धर्मेश. मेघालीचा बाप.”

रूपल मॅडम दुसऱ्या खोलीच्या दारात होती. तिने नाव ऐकलं आणि मागे वळली. सरांना तेवढंच दिसलं.

“बसा,” सर म्हणाले. “ती आज आलेली नाही.”

“नाय आली?” त्याने फोन काढला. फोटो त्याने बोटांनी मोठा केला होता, चेहरा एवढा मोठा की बाकीची मुलं बाहेर गेली होती. “आमच्या गावातला येक मास्तर हाय, सोबती. त्याच्या मोबाइलवर आला. मी म्हनलो, ही त माजी पोरगी. खाली समदा लिवलेलाच हाय. मॅपानं बरोबर तुमच्या कुंपनापावत आनला, कोनाला इचारायला पन नाय लागला.” तो हसला. “चांगला काम करता तुमी लोक. मी पन लाइक केला.”

सरांनी पाणी दिलं. तो प्यायला. भिंतीवरचे तक्ते बघत हिंडला, भरतीच्या वहीचं पान उलटलं, मुलीचं अक्षर ओळखलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. आवाज एकदाही चढवला नाही. “बाप हाय मी तिचा. कागदावर माजाच नाव हाय, तुमच्या कम्प्युटरवर पन तेच असेल. हाय ना?”

“आहे.”

“मंग झाला. आज नाय त उद्या येईल साळंत. मी बसतो हितं, झाडाखाली. तुमी तुमचा चालू द्या.”

तो सव्वाचारपर्यंत बसला. खिचडीच्या वेळी मदतनीस बाईने विचारलं, तर थोडी खाल्ली आणि ताट स्वतः धुऊन ठेवलं. सरांनी वर्गात काय शिकवलं ते त्यांना आठवत नाही. शाळा सुटल्यावर त्याने बाहेर पडणारं प्रत्येक मूल फाटकाशी उभं राहून बघितलं. मग सरपंचांचं घर कुठलं ते विचारलं आणि चपला घालून गेला.

रूपल मॅडमने मेघालीला सकाळीच स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर काढून खाजणाच्या वाटेने आनंदी मावशीकडे पोचवलं होतं. सर तिथे गेले तेव्हा जमनाचं गाठोडं बांधून झालं होतं. मासळीचा टेम्पो पाच वाजता बोईसरला जायचा, त्यात पुढच्या बाजूला दोघींची जागा मावशीने सांगून ठेवली होती. मेघाली उंबऱ्यात बसून दप्तराचा पट्टा तोंडात चावत होती.

“जमनाबाई, आपण पोलिसात जाऊ. मी येतो. मी लिहून देतो.”

“मी गेली व्हती, गुरुजी. डहानूला. बाप हाय तो, असा सांगला. घरचा घरात बगा.”

“चूक माझी आहे. फोटो मी दिला.”

जमनाने मान हलवली. तिला ते रूपल मॅडमकडून कळलं होतं. ती रागावली असती तर सरांना उभं राहायला काही तरी मिळालं असतं. “मी तुमाला येकच इचारला व्हता,” ती म्हणाली. “कोन कोन बगते.”

आनंदी मावशी पाणी घेऊन आली आणि पेला सरांच्या हातात न देता खाली ठेवला. “मास्तरला काय,” ती भिंतीला उद्देशून म्हणाली, “मास्तरला बक्षीस हाय.”

“कुठे जाणार?” सरांनी विचारलं, आणि विचारताच त्यांना कळलं की हा प्रश्न आता त्यांच्या तोंडी शोभत नाही. जमनाने उलट विचारलं, “त्या कम्प्युटरातना तिचा नाव काडता येते?”

“काढता येत नाही. दुसऱ्या शाळेत घातलीत की ती शाळा मागणी करते, मग नाव इकडून तिकडे जातं.”

“मंजे तितं घातली का हितं समजते.”

“माझ्या पानावर दिसतं.”

“तुमच्या पानावर,” जमना म्हणाली. “दाखला नको मना. पोरीला साळंचा कागद नको.”

सर म्हणाले, तिची एक वर्षाची मेहनत जाईल. जमनाने गाठोडं उचललं. मेघालीने दप्तर घेतलं नाही. ते ओळखता आलं असतं, सरकारी होतं, त्यावर शाळेचं नाव होतं. टेम्पो कुंभवलीच्या रस्त्याला लागला आणि कारखान्यांच्या धुरात शिरला एवढं सरांनी पाहिलं.

धर्मेश दुसऱ्या दिवशी सरपंचांना घेऊन आला, तिसऱ्या दिवशी एकटा आला, मग यायचा थांबला. तो उंबरगावला परतला की टेम्पोच्या मागावर गेला, हे कुणालाच सांगता आलं नाही. सर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलीचा अलीकडचा फोटो आहे का असं विचारलं. फोटो हटवण्यासाठी कार्यालयाला अर्ज करावा लागला. अर्जात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता आणि हटवण्याचं कारण सविस्तर लिहायचं होतं, आणि अर्ज ऑनलाइन चढवायचा होता. सरांनी कारणाच्या रकान्यात ‘तांत्रिक’ लिहिलं. फोटो पानावरून चार दिवसांनी निघाला. ग्रुपवरून कधी निघाला नाही. ग्रुपवरून काहीच निघत नाही, हेही त्यांच्या तिसाव्या वर्गात शिकवलेलं होतं.

रूपल मॅडमशी त्यांचं एकदाच बोलणं झालं. ती म्हणाली, “सर, मी काढलाच नसता तर.”

“तू कपाटासाठी काढला होतास.”

“कपाटाला बिजागरी तरी असते सर, ते बंद करता येतं.” मग तिने बदलीसाठी अर्ज केला. तो सरांनीच ऑनलाइन भरून दिला.

पुरस्कार सप्टेंबरमध्ये पालघरला मिळाला. शाल, नारळ, चौकटीतलं मानपत्र. सरांनी घरून निघताना खिशात दोन पानं लिहून नेली होती. वेसखाडीत काय झालं, कोणी काय पाठवलं, नावानिशी. सत्कारमूर्तींना दोन-दोन मिनिटं होती. त्यांच्या आधीच्या गुरुजींनी सात घेतली, मग सूत्रसंचालकाने उरलेल्यांना एकेक वाक्य दिलं. सरांनी सर्वांचे आभार मानले. खाली उतरल्यावर घरत साहेबांनी त्यांना जवळ ओढून समोरून फोटो काढला.

वर्ग चालू आहेत. बत्तिसाव्यापासून सर त्यात एक नवीन भाग घेतात, ‘एका शाळेत घडलेली घटना’. गाव सांगत नाहीत, नाव सांगत नाहीत. ती एक शाळा आपली आहे, हेही सांगत नाहीत. शिक्षक ऐकतात. एखादी बाई डोळे पुसते. मग पडद्यावरच्या त्या पानाचा फोटो निघतो, खाली जीपीएस पट्टी उमटते आणि प्रशिक्षण झाल्याचा पुरावा म्हणून तो वर जातो. डायरीतले पासवर्डचे कपटे सरांनी एकदा सेहेचाळीस जणांना परत केले होते. आठवड्याभरात एकेक करून सगळे कपटे परत आले.

रोज सकाळी परिपाठ झाला की सर शाळेचं पोर्टल उघडतात. मूल कुठेही दाखल झालं की नव्या शाळेची मागणी जुन्या शाळेच्या पानावर येते. ती उंबरगावकडून आली तर एक अर्थ, दुसरीकडून आली तर दुसरा. ते पान बघून मगच ते हजेरी घेतात. मेघाली अजून वेसखाडीच्या पटावर आहे. वर्ष संपलं तसं पोर्टलने तिला आपोआप पाचवीत घातलं.

तिच्यासाठी आजपर्यंत एकाही शाळेची मागणी आलेली नाही.